पेपर हातात पडला आणि सगळं विसरले!

मार्च सरत आला की आमच्या दवाखान्यातल्या बाकावर एक वेगळी गर्दी दिसू लागते. सर्दी-पडसे, जुलाब, उन्हाचा त्रास हे नेहमीचे रुग्ण असतातच. त्यांच्यातच हातात झेरॉक्सचे गठ्ठे धरलेली वीस-बावीस वर्षांची मुले-मुली येऊन बसतात. कुणाचे डोके दुखते, कुणाला चार दिवस झोप नाही, कुणाला सकाळी उठल्याबरोबर ओकारी येते, कुणाची छाती धडधडते. केसपेपरवर तक्रार लिहिताना मी एक प्रश्न न चुकता विचारतो, ‘पेपर कधी आहे?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘परवा.’ सेमिस्टर पद्धत आल्यापासून हा हंगाम वर्षातून दोनदा येतो. दिवाळीच्या आगेमागे एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

अशाच एका हंगामात निफाड तालुक्यातून एक द्राक्ष बागायतदार आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला. नाव अर्थातच देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही बदलले आहेत. आदल्या सेमिस्टरला तिचे तीन विषय राहिले होते आणि आता पुन्हा परीक्षा तोंडावर आली होती.

‘सर, मला सगळं येत होतं,’ ती सांगू लागली. ‘चार-चार वेळा वाचलं होतं. पेपर हातात पडला आणि सगळं विसरले. प्रश्न तीनदा वाचला तरी डोक्यात शिरेना. हाताच्या घामानं उत्तरपत्रिका ओली झाली. बाहेर येऊन एसटीत बसले आणि एकेक उत्तर आठवायला लागलं.’

वडील म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, पोरगी हुशार आहे हो. दहावीला पंच्याऐंशी टक्के होते. डोक्याचं काही टॉनिक असेल तर द्या. नाहीतर भीती घालवायची एक गोळी असते म्हणतात, ती द्या.’

वाचकहो, असे संभाषण माझ्या दवाखान्यात दर हंगामात पाच-पंचवीस वेळा तरी होते. हुशार मूल, केलेला अभ्यास, ऐनवेळी बसलेली भीती आणि मग एखादी गोळी, अशी ही ठरलेली मांडणी असते. मीही बरीच वर्षे ती जशीच्या तशी मान्य करत आलो. आता करत नाही. का करत नाही, ते आज सांगायचे आहे.

पण आधी तपासणी. ‘परीक्षेची भीती’ हे निदान रुग्णाला हात न लावता करायचे नसते. मुलीच्या पापण्यांच्या आतली बाजू फिकट दिसत होती. नाडी ११० होती. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.२ निघाले, थायरॉईड ठीक होते. सकाळी न खाता घराबाहेर पडायचे, दिवसभरात सहा-सात कप चहा, रात्री दोनपर्यंत जागरण. इतक्या कमी रक्तावर धडधड आणि थकवा असणारच, अभ्यासाला बसले की डोके जड होणारच. त्यातून जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह अंगी लागत नाही. तेव्हा पहिले औषध ठरले लोहाच्या गोळ्यांचे, आणि चहा जेवणापासून तासभर दूर. पालकांना माझे सांगणे आहे की, वयात आलेल्या मुलीला ‘तुला नुसतं टेन्शन आहे’ असे म्हणण्याआधी एकदा तिचे रक्त तपासून घ्या.

मग मी एक गोष्ट केली, जी अलीकडे अशा प्रत्येक मुलाच्या बाबतीत करतो. औषध कंपनीचे एक कोरे पॅड आणि पेन तिच्या हातात दिले आणि म्हटले, ‘ज्या प्रकरणाची तुला सगळ्यात जास्त खात्री आहे ते निवड. बाहेर कंपाउंडरच्या टेबलाशी बैस आणि दहा मिनिटांत आठवेल तेवढं लिहून आण. चुकलं तरी चालेल, मला रसायनशास्त्र येत नाही.’ ती हसली. तिने अल्डॉल कंडेन्सेशन निवडले. दहा मिनिटांनी कागद आला. वर ठसठशीत अक्षरात मथळा, खाली पहिली पायरी, दुसरीच्या मध्यावर पेन थांबलेले. एकूण साडेचार ओळी. इथे ना सुपरवायझर होता, ना घंटा, ना गुण. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘पण मला हे येतं, सर.’ वडील काहीच बोलले नाहीत.

तिला खोटे पाडण्यासाठी हे केले नव्हते. ‘येते’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते तिला दिसावेत एवढाच हेतू होता. पुस्तक उघडले की पान ओळखीचे वाटते. कुठली आकृती डाव्या कोपऱ्यात आहे हेसुद्धा डोळ्यांसमोर येते. याला ओळखणे म्हणावे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उतरवणे म्हणजे आठवणे. परीक्षा दुसऱ्याची होते आणि आपण तयारी पहिल्याची करतो. ‘एसटीत उत्तरं आठवली तेव्हा मैत्रिणी बरोबर होत्या का?’ असे मी विचारले. होत्या. त्या उत्तरे बोलत होत्या आणि हिला वाटत होते, अरे, हे तर मला येत होते.

भीती नेमकी कुठे घात करते?

आता भीतीकडे वळू. पेपर हातात पडतो तेव्हा मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंड कोरडे पडते, पोटात कालवते, काहींना ऐनवेळी संडासला धावावे लागते. वाघ समोर आला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. हॉलमध्ये वाघ नसतो, पण शरीराला ते कळत नाही. माझ्या शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी हातात एक हाड दिले, तेव्हा ते हाड टेबलावर वाजत होते इतका माझा हात थरथरत होता. आज त्या आठवणीने हसू येते. त्या दिवशी आले नव्हते.

या धडधडीत मुळात वाईट काही नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. चुकीच्या दारातून गेले की विजेचा हलका धक्का, असा तो प्रकार होता. काम अवघड असेल तेव्हा फार सौम्य धक्क्याने उंदीर शिकेनात आणि फार जोरदार धक्क्यानेही शिकेनात. मधल्या धक्क्याने लवकर शिकले. यावरून ‘थोडी भीती बरी, फार भीती वाईट’ असा सिद्धांत पुढे गावोगाव गेला. उंदरांच्या पिंजऱ्यावरून बी.कॉम.च्या पेपरपर्यंत उडी मारणे जरा जास्तच आहे असे मला वाटते, पण अनुभव साधारण तसाच असतो. ज्याला कशाचीच काळजी नाही तोही अडतो.

१९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी अधिक उपयोगी फोड केली. परीक्षेच्या भीतीचे दोन भाग असतात, असे त्यांनी दाखवले. एक अंगाची खळबळ: धडधड, घाम. दुसरा मनातली चिंता: ‘मी नापास होणार, घरी काय सांगू, पुढचं वर्ष गेलं.’ गुणांशी निगडित असते ती मुख्यतः दुसरी. याचे कारण असे सांगितले जाई की, मेंदूत तात्पुरता हिशेब मांडायला जी जागा असते ती फार थोडी. स्वयंपाकघरातला ओटाच समजा. त्यावर चिंतेची भांडी मांडून ठेवली तर पोळी लाटायची कुठे?

ही उपमा मी वर्षानुवर्षे वापरली. भीती हॉलमध्ये येते, ओटा अडवते, उत्तर बाहेर येत नाही. पटण्यासारखे आहे. १९८८ साली हेम्ब्री या संशोधकाने त्याआधीचे ५६२ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा भीती जास्त तिथे गुण कमी, हे खरेच आढळले. पण हे नाते फार घट्ट नव्हते. पोरांच्या आणि पालकांच्या बोलण्यात भीतीचा वाटा जेवढा असतो, त्याच्या मानाने आकडेवारीत तो बराच कमी होता. म्हणजे बाकीचे काही तरी दुसरीकडेच आहे.

ते कुठे आहे याचा एक ठळक धागा २०२२ साली जर्मनीतून आला. मारिया थिओबाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतिम परीक्षेच्या तयारीत असलेल्या ३०९ वैद्यकीय विद्यार्थ्यांचा माग काढला. तयारीच्या काळात त्यांना किती येते, सराव परीक्षेत काय होते, भीती किती वाटते, हे सगळे टिपले. निष्कर्ष असा की, ज्याला आधीपासून जेवढे येत होते तेवढे त्याने खऱ्या परीक्षेत लिहिले. भित्र्या मुलाने आणि धीट मुलाने सारखीच तयारी केली असेल, तर परीक्षेच्या दिवशी भित्र्याचे गुण भीतीमुळे वेगळे कमी झाले नाहीत. भीतीने नुकसान केले होते, पण ते हॉलमध्ये केले नव्हते. आधीच्या आठवड्यांत, अभ्यास चालू असताना केले होते. ज्यांच्या मनात भीती अधिक, त्यांच्या त्या काळातल्या शिकण्याची भर कमी पडली.

आपल्या नाशिकला याचे विशेष वाटायला हवे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथलेच, आणि राज्यातल्या हजारो भावी डॉक्टरांच्या परीक्षा इथूनच घेतल्या जातात. जर्मनीतल्या त्या मुलांसारखीच पुस्तकांच्या ढिगाऱ्याखाली दबलेली मुले आपल्याही गावात आहेत.

एका अभ्यासाने वाद मिटत नाही, हे मलाही कळते. हॉलमध्ये खरोखर गोठून जाणारी, श्वास कोंडून बाहेर काढावी लागलेली दोन-तीन मुले मी पाहिली आहेत. त्यांचा आजार वेगळा, उपचार वेगळे. पण माझ्या बाकावर येणाऱ्या बहुसंख्य मुलांना जर्मनीतले उत्तर लागू पडते, असे माझे मत झाले आहे. भीती वाटते म्हणून अवघड प्रकरण बाजूला ठेवले जाते. सोपे प्रकरण पुन्हा वाचले जाते, कारण ते ओळखीचे असल्याने जिवाला बरे वाटते. लेक्चरला बसले की आपल्याला काही कळत नाही हे टोचते, म्हणून लेक्चर चुकवले जाते. जुन्या प्रश्नपत्रिका आणलेल्या असतात, पण उघडवत नाहीत. वही रंगीत पेनांनी सजते. मोबाईल हातात येतो. पाहणाऱ्याला मुलगा चौदा तास टेबलाशी दिसतो. अभ्यासात मात्र तो गुंतलेला नसतो, भीतीपासून पळत असतो. आणि शेवटच्या आठवड्यात जेव्हा भीती अनावर होते, तेव्हा ती खोटी नसते. तयारी झालेली नाही, हे आतून कळलेले असते.

हे मी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना माझ्या परीने सांगितले. बागायतदार थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, ‘म्हणजे घडासारखं.’ मला समजले नाही. मग त्यांनी समजावले. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत काडीच्या डोळ्यात घड धरायचा की नाही ते ठरते. वरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की तो घड बाहेर पडतो. एप्रिल-मेनंतर वेलीची हेळसांड झालेली असली तर ऑक्टोबरनंतर कितीही जिब्रेलिक ॲसिड मारा. मणी फुगतील, पण नसलेला घड येणार नाही. मी तीस वर्षे जे सांगायला धडपडत होतो ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितले. टॉनिकची मागणी त्यानंतर त्यांनी केली नाही.

आत्मविश्वास येतो कुठून?

‘आत्मविश्वास ठेव’ हे वाक्य परीक्षेच्या दिवसांत घरोघरी ऐकू येते. ठेव म्हटल्याने ठेवता आला असता तर डॉक्टरांची गरज नव्हती. अल्बर्ट बंदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली याची नीट मांडणी केली. ‘मला हे काम जमेल’ हा भरवसा माणसाला चार वाटांनी मिळतो. स्वतः ते काम करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमताना पाहिल्याने, कुणी धीर दिल्याने आणि स्वतःच्या शरीराच्या लक्षणांवरून. यात पहिली वाट सर्वांत पक्की आणि नुसता शब्दांचा धीर बराच कमकुवत. आपण घरी नेमका तोच देतो, कारण तो स्वस्त आहे.

आणि आत्मविश्वास खोटाही असतो, तो तर अधिक घातक. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर तपासले तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१. पण पुढची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल?’ असे आधी विचारले होते, तेव्हा सर्वांत जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. निफाडच्या मुलीचे चार वेळा वाचणे आणि ‘मला सगळं येत होतं’ म्हणणे यांचा उलगडा मला इथे होतो. तो भरवसा मनापासूनचा होता, फक्त चुकीच्या जागी मिळवलेला होता.

खरा भरवसा कसा येतो हे मला दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंनी दाखवले. अंगणवाडीत काम, वय एक्केचाळीस. बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण थांबले. एकोणीस वर्षांनी त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.साठी नाव घातले. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले हे विद्यापीठ ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे ब्रीद मिरवते. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाच्या वाटेवर त्याचे आवार आहे. ज्यांना सकाळी दहाला वर्गात जाऊन बसणे शक्य नाही, अशा शेतकरी, कामगार, गृहिणी यांच्यासाठी ते काढले गेले. अशा विद्यार्थ्याजवळ हुशारी असते, कष्टाची तयारी असते. पण ‘या वयात आपल्याला जमेल का’ ही शंका मानेवर बसलेली असते.

ताई पहिल्या परीक्षेच्या आधी आल्या त्या चक्कर येते म्हणून. रक्तदाब १५०/९६. मी घाबरलो नाही. चार दिवस रोज मोजायला सांगितले, तो घरी नीट निघाला. ‘साहेब, पेन धरायचीच सवय गेली. दोन पानं लिहिली की बोटं दुखतात,’ त्या म्हणाल्या. मी सांगितले, रोज एक उत्तर पुस्तक मिटून लिहा, मग ते कसेही होवो. त्यांनी ते स्वयंपाकघरात बसवले. कुकर लावायचा, वही उघडायची, तीन शिट्ट्या होईपर्यंत एक उत्तर. मग गॅस बंद करून पुस्तक काढायचे आणि काय राहिले त्यावर खूण करायची. पहिल्या आठवड्यात एका शिट्टीनंतर सुचेना. महिनाभराने तिसरी शिट्टी झाली तरी पेन चालू असे आणि डाळीचा गाळ व्हायचा. ताई पहिल्या वर्षी सगळ्या विषयांत सुटल्या, पुढे पदवीही झाली. पेढे घेऊन आल्या तेव्हा मी विचारले, ‘भीती गेली का?’ म्हणाल्या, ‘भीती नाही गेली, साहेब. पण भीती असली तरी हात लिहितो, हे कळलं.’

कॉलेजातल्या मुलांना कुकरची गरज नाही, पण पद्धत तीच. लेक्चरहून आल्यावर त्या दिवशीचे पाच मुद्दे न बघता लिहावेत. आठवड्याने त्याच मुद्द्यांवर पुन्हा यावे. जुनी प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्याची वस्तू नाही. ती पहिल्या महिन्यातच, काही येत नसताना सोडवावी. चुका होतील, मनाला लागेल. ते लागणे घरी सोसलेले बरे. २०२० नंतरची साधारण दोन वर्षे बऱ्याच परीक्षा घरबसल्या, पर्यायांवर टिचकी मारून झाल्या. त्या काळातल्या मुलांची तीन तास सलग लिहायची सवय मोडली होती, हे शिक्षकमित्र सांगत. हात लिहिता ठेवणे हाही अभ्यासच आहे. आणि आपल्यापेक्षा फार हुशार मुलाबरोबर बसण्याऐवजी आपल्याच पट्टीतल्या एखाद्या मित्राबरोबर बसावे, एकमेकांना प्रश्न विचारावेत. त्याला जमले तर मला का नाही, हा धीर वडिलांच्या भाषणापेक्षा चांगला लागू पडतो.

गोळी हवीच का?

एक कबुली देतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका इंजिनिअरिंगच्या मुलाला मी पेपरच्या आदल्या रात्रीसाठी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. झोप आलीच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता आणि मला नाही म्हणता आले नाही. तो सकाळी जडशीळ डोक्याने पेपरला गेला आणि दोन प्रश्न सोडून आला. चूक माझी होती. आता अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मुले एकमेकांच्या खिशातून घेतात. या औषधांनी धडधड बसते, पण नवे लक्षात राहण्याची मेंदूची शक्तीही मंदावते, आणि सवय लागते ती निराळीच. थरथर कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी काहींना माहीत असते. दमेकऱ्याने ती घेतली तर जिवावर बेतू शकते. जागरणासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल न बोललेले बरे. राहिली टॉनिके. बाटलीवर मेंदूचे चित्र छापल्याने गुण वाढत नाहीत. ब्राह्मीवर काही चाचण्या झाल्या आहेत. त्यात जो थोडाफार फरक दिसला तो अनेक आठवडे रोज घेतल्यानंतरचा आहे, पेपरच्या आदल्या दिवशी चमचाभर घेतल्याचा नाही.

झोप मात्र औषधच समजा. दिवसा वाचलेले मेंदूत रुजते ते बरेचसे झोपेत. रात्री तीनपर्यंत जागून मिळवलेले सकाळी अर्धे सांडून गेलेले असते. निदान सहा-सात तास हवेत, आणि संध्याकाळी पाचनंतर चहा नको. पेपरच्या दिवशी पोहे, उपमा, पोळी-भाजी, जे रोज पोटाला सवयीचे आहे ते खाऊन निघावे. आईने हातावर दही-साखर ठेवली तर खुशाल घ्यावी. पोटाला थंड आणि तिच्या मनालाही.

हॉलमध्ये धडधडले तर धडधडू द्यावे. शरीर तयार होते आहे, एवढाच त्याचा अर्थ. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा, आठ-दहा वेळा. नाडी थोडी खाली येते. येत असलेला प्रश्न आधी लिहावा. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात, असे २०११ साली शिकागोच्या दोघा संशोधकांनी प्रसिद्ध केले होते आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले होते. मीही पुष्कळांना सांगितले. २०१८ साली तो प्रयोग दुसऱ्यांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक दिसला नाही. म्हणून आता मी तो आग्रहाने सांगत नाही. ज्याला बरे वाटते त्याने करावा, खर्च एका कागदाचा आहे.

पालकांसाठी दोनच गोष्टी. पेपर सुटल्यावर फाटकापाशी प्रश्नपत्रिका हातात घेऊन गुणांची बेरीज मांडू नका. उद्याच्या पेपरची रात्र त्यात जाते. आणि दुसरी, अधिक गंभीर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यामागे नेहमी परीक्षाच असते असे नाही, घरची भांडणे, प्रेमप्रकरणे, आजार, कर्ज अशी अनेक कारणे असतात. पण मूल आठवडाभर जेवत नाही, झोपत नाही, मित्रांना टाळते, आवडीच्या वस्तू वाटून टाकते किंवा ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असे बोलू लागते, तेव्हा तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने डोक्यात नवी कल्पना घातली जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही चालतो. तो घरात लिहून ठेवायला हरकत नाही. पेपर पुढच्या सेमिस्टरला पुन्हा देता येतो.

निफाडची मुलगी तीन महिन्यांनी लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन पुन्हा आली. हिमोग्लोबिन ११.४ झाले होते. राहिलेल्या तीन विषयांपैकी दोन सुटले होते, सेंद्रिय रसायन अजून बाकी होते. या वेळी वडील नव्हते. बागेत काडी तपासायचे काम चालू आहे, असे म्हणाली. पिशवीतून तिने एक जाड वही काढून दाखवली. प्रत्येक पानावर आधी काळ्या पेनाने न बघता लिहिलेले, मग लाल पेनाने राहिलेले भरलेले. सुरुवातीच्या पानांवर लालच लाल होते. अल्डॉल कंडेन्सेशनचे पान तिने उघडून माझ्यासमोर धरले. मला त्यातले काही कळले नाही, पण लाल पेनाच्या दोनच ओळी होत्या.